'आण इकडे' म्हणू नका!

हार्लेमला आलेल्या पाहुण्यांना आपण टायलर्स म्युझियममधलं १७८४ सालचं, ठिणग्या पाडणारं अवाढव्य विद्युतयंत्र कौतुकानं दाखवतो. घरी मात्र मुलानं लेगोचा रोलर कोस्टर पुस्तिकेबरहुकूमच जोडावा, हा आपला हट्ट!

साखळीनं गाडी वर ओढणं सोपं. मोटरच्या चाकानं ढकलून ती अर्धा मीटर चढवायची, तर घर्षण सोडूनही सेकंदाला ३.१ मीटर वेग हवा. म्हणजे ४ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचे मिनिटाला सुमारे १,५०० फेरे. गिअर लावून वेग चौपट केला, की जोर चौथाईवर येतो. चाक घसरतं, गाडी अर्ध्यातून परत फिरते. मूल खरा विचार करू लागतं ते इथं, आणि नेमकं इथंच आपण 'आण इकडे' म्हणतो.

गणिताच्या शिकवणीला युरो मोजणाऱ्या पालकांनो, हात मागे घ्या. पडू दे ती गाडी!