लिंप की रेझ?

परवा शनिवारी लिमिट पोकरमध्ये मला दोन एक्के आले! पहिलं बोलायचं मीच. म्हटलं सापळा लावू. नुसतं ब्लाइंडएवढं भरलं, म्हणजे लिंप केलं. मागून चौघे स्वस्तात शिरले, बिग ब्लाइंडने फुकटात फ्लॉप बघितला आणि त्याच्याच सत्ती-चौकीला दोन जोड्या लागल्या. (फक्त चिप्स गेल्या म्हणा, पण झोप उडाली.)

रात्रभर विचार करून मत पक्कं झालंय. आपल्याआधी कोणी आलं नसेल तर रेझ किंवा फोल्ड, मधलं काही नाही. २-४ च्या टेबलवर लिंप २ चं, रेझ ४ चं. रेझ केलं तर कधीकधी सगळेच पानं टाकतात आणि डाव तिथेच आपला. लिंप करून ही वाट आपणच बंद करतो.

आणि सगळे आलेच तर? एकाविरुद्ध एक्के साधारण ८५% वेळा जिंकतात, पाच जणांविरुद्ध जेमतेम निम्म्या वेळा. पण सहा जणांच्या भांड्यात निम्मा वाटा म्हणजे चंगळच की! म्हणजे माझी चूक हरण्यात नव्हती, येणाऱ्यांकडून दोन-दोन चिप्स जास्त न घेण्यात होती.

अपवाद आहे. तीन-चार जण आधीच लिंप करून बसलेत आणि तुमच्याकडे दुर्रीची जोडी आहे, तर खुशाल लिंप करा. फ्लॉपवर तिसरी दुर्री साडेआठात एकदा येते, तेव्हा स्वस्तात बघणंच बरं.

अल्बर्टा विद्यापीठाचा २०१५ चा 'सेफियस' प्रोग्रॅमही दोघांच्या लिमिटमध्ये लिंप जवळपास करतच नाही.

असो. पुढच्या शनिवारी एक्के येऊ देत फक्त!