वेरूळचे फोटो आता पुरे!

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या ओळखीची दोन-चार कुटुंबे तरी वेरूळला जातात. परत आली, की फराळाच्या ताटामागून फोटो येतात. कैलास लेणे, शेजारचा स्तंभ, आणि त्या स्तंभापुढे हसत उभे असलेले यजमान! चकली मोडीत ‘वा, झकास!’ म्हणण्याचा शिष्टाचार मी पुष्कळ वर्षे पाळला. यंदा तो मोडायचे ठरवले आहे.

वेरूळशी माझे वैर नाही. तिथे जावे, डोळे भरून पाहावे. परंतु मेजर रॉबर्ट गिल यांनी टिपलेली अजिंठा-वेरूळची छायाचित्रे १८६४ सालीच पुस्तकात छापली गेली. आज आणखी एका फोटोने कैलासाचे काय भले होणार?

उपेक्षित आहे तो तुमच्या गावच्या वेशीवरचा वीरगळ. गुरे राखताना, गाव राखताना पडलेल्या माणसाचा हा दगड. खाली झुंज, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. आणि आपण अशा दगडांवर धुणी आपटतो!

कुणी म्हणतील, ‘हे सरकारचे काम.’ १९५८ चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून ठरलेली स्मारके सांभाळतो. वेशीवरच्या सुट्या दगडापाशी पहारेकरी कोण बसवणार?

दुसरे म्हणतील, ‘फोटोने दगड थोडाच वाचतो?’ कबूल. पण गिलसाहेबांनी वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. छापलेली छायाचित्रे अनेकांच्या हाती गेली होती, म्हणून उरली.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. आमच्या गावच्या देवळामागे एक वीरगळ होता. तो टिपावा असे एकदा मनात आले. पण फिल्मच्या रोलातली उरलेली चित्रे मी वेरूळसाठी राखून ठेवली! पुढच्या खेपेला पाहतो, तो देवळाला नवा ओटा आणि दगड सिमेंटात गडप. त्यावर घोडा होता की नव्हता, हेही आता मला सांगता येत नाही. ओटा बांधणारांना मी काय बोलू? मी तरी कुठे पाहिला होता?

म्हणून यंदा गावी जाल तेव्हा पोरांना घेऊन वेशीपर्यंत जा. सकाळचे किंवा उतरतीचे ऊन पाहा. तिरप्या उन्हात झिजलेले कोरीव कामही उठून दिसते. दगडाला खडू फासू नका, तो हलवू नका. शेजारी पट्टी ठेवून चारी बाजूंनी टिपा. गाव, जागा, तारीख लिहा. एक प्रत शाळेत द्या, एक ग्रामपंचायतीत.

मग तो फोटो घेऊन फराळाला या. मी चकली खाली ठेवून पाहीन.