विश्लेषण : कोड नाही, कुष्ठरोगही नाही, मग त्वचा टणक का होते?

पोटावर, पाठीवर किंवा मांडीवर लालसर-जांभळट चट्टा उठतो. काही महिन्यांत तो मधोमध पांढरट, चकचकीत आणि हाताला टणक लागतो. घरच्यांना पहिला संशय येतो कोडाचा, नाहीतर कुष्ठरोगाचा. पण तो ‘मॉर्फिया’ही असू शकतो.

नेमके काय होते?
शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्वचेत कोलॅजन प्रमाणाबाहेर साठते. हा स्क्लेरोडर्माचा ठरावीक भागापुरता राहणारा प्रकार. तो संसर्गजन्य नाही. कोडात त्वचा मऊच राहते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कमी जाणवतो.

उशीर का महागात पडतो?
लहान मुलांमध्ये पट्ट्यासारखा प्रकार अधिक आढळतो. हाता-पायावरचा पट्टा स्नायू आणि हाडापर्यंत पोहोचू शकतो. सांधा आखडतो, वाढत्या वयात एक पाय आखूड राहू शकतो. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड, प्रकाशोपचार यांनी आजार रोखता येतो, पण तो सक्रिय असतानाच. झालेली हानी पूर्ण भरून येत नाही.

मग चुकते कुठे?
मुलीच्या अंगावर डाग दिसला की चर्चा सुरू होते ती लग्नाची. डाग झाकला जातो, मलमे बदलली जातात आणि उपचाराचे महिने हातचे जातात. चट्टा दिसतो कसा, यापेक्षा तो टणक होतोय का, पसरतोय का, हे महत्त्वाचे. तसे असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. गरज पडल्यास बायोप्सीने निदान पक्के होते. आणि शाळेत अशा मुलाला वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही.