मूठ सव्वा लाखाची

व्यायामशाळेत जाणारी तरुण मंडळी आजकाल मला एक प्रश्न हटकून विचारतात, "वजन उचलताना मनगटाला पट्टे बांधावेत की न बांधावेत?" विचारणारा बहुधा पट्टे विकत घेऊनच आलेला असतो. त्याला माझे उत्तर नको असते, संमती हवी असते! तेव्हा फराळाबरोबर दोन शब्द.

पट्टा म्हणजे सुती किंवा नायलॉनची हातभर पट्टी. एक टोक मनगटाभोवती अडकवायचे, दुसरे लोखंडी दांड्याला गुंडाळायचे. मग बराचसा भार बोटांवरून मनगटावर जातो. याची गरज का पडावी? पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू मोठे; बोटे मिटणारे स्नायू त्या मानाने लहान. जमिनीवरून जड दांडा उचलताना पाठ म्हणते, "अजून दोनदा," आणि बोटे आधीच राजीनामा देतात. अशा वेळी पट्टा बांधला तर पाठीचा व्यायाम पुरा होतो. म्हणजे मी काही पट्ट्याचा शत्रू नव्हे.

माझी तक्रार आहे ती पहिल्या उचलीपासूनच पट्टा बांधणाऱ्यांविषयी. माझा पुतण्या त्यांतलाच. पट्ट्यांनी शंभर किलो उचलणारा हा पठ्ठ्या गेल्या दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या दाबायला बसला आणि दुसऱ्याच घाण्याला बोटे झटकू लागला. वहिनींनी सोऱ्या काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, व्यायामशाळेत याची पाठच तेवढी जाते वाटतं!"

हसण्यावारी नेले असते. पण फेब्रुवारीत त्याची पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा होती, आणि स्पर्धेत पट्ट्यांना मज्जाव असतो. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्येही तोच नियम. टोकियो येथे २०२१ साली मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, ते उघड्या मुठीने. हे खेळाडू अंगठा आत घेऊन त्यावर बोटे आवळतात आणि हातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी लावतात, म्हणजे घामाने दांडा निसटत नाही.

मी पुतण्याला एवढेच सांगितले : हलक्या उचली उघड्या हातांनी कर, पट्टा शेवटच्या एकदोन जड फेऱ्यांपुरता. आठवड्यातून तीनदा दांडीला वीस-वीस सेकंद लोंबकळ. शेवटची उचल झाली की दांडा लगेच न ठेवता दहा सेकंद धरून उभा राहा. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळ; आईचे कामही हलके होईल. आपल्याकडे मल्लखांबाने, विशेषतः दोराच्या मल्लखांबाने, पिढ्यान्‌पिढ्या हीच पकड घडवली. स्पर्धेत त्याला पदक मिळाले नाही. पण शंभर किलोचा दांडा हातातून सुटलाही नाही.

एक धोक्याची सूचना. दांडा झटक्याने खांद्यावर घ्यायच्या उचलीत पट्टा कदापि बांधू नये. सोडायचा तेव्हा दांडा सुटत नाही आणि मनगट दुखावते. रक्तदाब असणाऱ्यांनी मूठ आवळताना श्वास कोंडू नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

"आम्हांला कुठे स्पर्धेत उतरायचंय?" असे घरातली वडील मंडळी म्हणतील. त्यांच्यासाठीच हे सांगतो. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची मूठ मोजून केलेली एक पाहणी २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची पकड कमजोर, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मूठ आवळल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. पण सबंध शरीराच्या ताकदीची खबर मूठ देते, एवढे खरे. जिन्याचा कठडा, बसची दांडी, भाजीची पिशवी यांना पट्टा बांधता येत नाही. तेव्हा यंदा सोऱ्या एकट्या गृहिणीच्या हाती ठेवू नका. घरातल्या प्रत्येकाने एकेक घाणा दाबावा!