प्रयोगशाळेतील रासायनिक कचरा : फ्यूम हूड पुरेसे आहे काय?

रसायनशास्त्राचा तास संपला तरी काचपात्रांत उरलेली आम्ले, सेंद्रिय विद्रावके आणि जड धातूंचे क्षार यांचा प्रश्न शिल्लक राहतो. रायपूरमध्ये समता कॉलोनीसारख्या निवासी वस्त्यांच्या आसपासच शिक्षणसंस्था आहेत. बेसिनमध्ये ओतलेले रसायन नाल्यांवाटे अखेर खारून नदीकडे जाते आणि याच नदीवर शहराचा पाणीपुरवठा अवलंबून आहे. त्यामुळे हा विषय केवळ महाविद्यालयांच्या चार भिंतींपुरता मर्यादित नाही.

कचऱ्याच्या बाटल्या फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात ठेवणे हा उपाय अनेक ठिकाणी अवलंबिला जातो. विद्रावके ओतताना निघणारी वाफ विद्यार्थ्यांच्या श्वासात जाऊ नये, यासाठी तो निश्चितच योग्य आहे. मात्र या कपाटाच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असावा लागतो. आत बाटल्यांची गर्दी झाली, मागील झरोके झाकले गेले, की प्रवाह खंडित होतो आणि वायू खोलीत परततो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू वापरून क्षारपरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच वेळी संरक्षणाची सर्वाधिक गरज असते.

बाटली उघडी ठेवून विद्रावक उडून जाऊ देणे ही विल्हेवाट नव्हे; ते प्रदूषण छतावरून बाहेर सोडणे होय. तसेच नायट्रिक आम्ल व सेंद्रिय विद्रावके एकाच बाटलीत मिसळल्यास वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. हा धोका हूड टाळू शकत नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान १९९६ मध्ये हूडमध्येच काम करीत होत्या. हातमोज्यावर पडलेल्या डायमिथाइल पाऱ्याच्या थेंबांनी १९९७ मध्ये त्यांचा बळी घेतला.

दुर्लक्षाची किंमत प्रयोगशाळेबाहेरच्यांनाही मोजावी लागते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने वर्षानुवर्षे वापरात नसलेले कोबाल्ट-६० युक्त उपकरण २०१० मध्ये भंगारात विकले. मायापुरीच्या बाजारात ते तोडले गेले आणि किरणोत्सर्गामुळे एका कामगाराचा मृत्यू झाला.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा साधारणतः ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे त्याच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत. परंतु थोडा कचरा निर्माण करणाऱ्या महाविद्यालयाला एकट्याने वाहतुकीचा खर्च झेपणे कठीण. एका शहरातील संस्थांनी एकत्र येऊन ठराविक मुदतीने कचरा पाठविल्यास हा भार वाटला जाईल.

तोपर्यंत झाकणबंद, नाव व तारीख लिहिलेल्या, काठोकाठ न भरलेल्या आणि प्रकारानुसार वेगळ्या बाटल्या, तसेच अल्प मात्रेत केलेले प्रयोग, एवढी शिस्त पाळणे प्रत्येक संस्थेला शक्य आहे. कचरा मुळात कमी निर्माण करणे हाही रसायनशास्त्राचाच धडा आहे आणि तो अभ्यासक्रमात शिकविला गेला पाहिजे.