राजूरची धूळ मुलांनी मोजावी

वणी तालुक्यातल्या राजूरची ओळख कोळशाची आणि चुन्याची. अशा गावात शाळेचा पर्यावरण उपक्रम म्हणजे प्रभातफेरी आणि फोटोपुरते एक रोप, एवढाच राहिला तर नववी-दहावीच्या मुलांच्या हाती काय लागणार? त्यांना धूळ मोजू द्यावी. व्हॅसलिन लावलेले पुठ्ठे कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगत, शाळेत आणि दूर शेतात आठवडाभर टांगायचे, भिंगातून कण मोजायचे, तारीख आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहायची. (पावसाळ्यात हे जमणार नाही.) चुनाभट्टीजवळ मात्र मुलांना पाठवू नये, कळीचा चुना ओलाव्याने तापतो, डोळ्यांना इजा करतो.

फुप्फुसात खोलवर जाणारे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण या भिंगाला दिसत नाहीत, त्यांना यंत्रच हवे. त्यांची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे आपले राष्ट्रीय मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा तर १५च आहे. ते यंत्र, रस्त्यावर पाणी, ट्रकवर ताडपत्री हे मागणे मुलांचे काम नव्हे. त्यांची वही ग्रामसभेत वाचली जावी आणि पुढचा पाठपुरावा मतदार असलेल्या पालकांनी करावा.