भिंतीवरची भीती पुसा

मा. मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी,
उज्जैन जिल्हा



रेल्वेने उज्जैनला येताना रुळांकडेच्या भिंती आपण कधी वाचल्या आहेत का? ‘बचपन की गलतियाँ’, ‘खोई हुई ताकत’, खाली मोबाइल नंबर. याचा नेम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर असतो. आमच्या गल्लीतल्या एकाने असा नंबर फिरवला आणि कोचिंगच्या फीतून चूर्णाच्या पुड्या आणल्या. ‘धात जाते’, म्हणजे वीर्य वाया जातं, या धसक्याने तो रात्र-रात्र जागत होता. तपासणीत काहीच निघालं नाही. त्याने हस्तमैथुन केलं होतं, एवढंच.

चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हे त्याला तोंडपाठ. पुष्कळांना हे खास आपलं प्राचीन ज्ञान वाटतं. पण औंसभर वीर्य जाणं हे चाळीस औंस रक्त जाण्याहून वाईट, असं स्विस डॉक्टर तिसो यानेही 1760च्या पुस्तकात लिहिलं होतं. त्यानंतर युरोपातल्या डॉक्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वेडाची, आंधळेपणाची भीती घातली. पुरावा कधीच मिळाला नाही, आणि वैद्यकाने ते मत सोडून दिलं. 1972मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हस्तमैथुन स्वाभाविक असल्याचं सांगितलं. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960मध्येच त्या मुलासारख्या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं होतं. त्यात माणूस खचतो तो वीर्य गेल्याच्या धास्तीने.

मराठीत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून 1934मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते आपल्या माळव्यात, महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांनी मांडलेली बाजू कोर्टाने मानली नाही. खरं सांगणाऱ्याला दंड झाला आणि भीती विकणारे आजही मोकळे आहेत, याची मला मनापासून चीड येते.

लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात 1954च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. 2028च्या सिंहस्थासाठी शहराच्या भिंती नव्याने रंगतील, त्याआधी कारवाई करा. नंबर भिंतीवरच लिहिलेले आहेत, शोधाशोध करावी लागणार नाही. आणि त्याच जागी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकाचा नंबर रंगवा. भेटीची वेळ मात्र संध्याकाळची ठेवा; दिवसा मुलं शाळेत असतात.

आपला,
उज्जैनचा एक मराठी रहिवासी